मदत हवी आहे: वडिलांची चेन सॉ, ब्रश कटर आणि गवत कापायचे यंत्र विकायचे आहे, रास्त किंमत कशी ठरवावी?

नमस्कार.

गुडघ्यांच्या दुखण्यामुळे वडिलांनी यंदापासून बागेचे काम पूर्णपणे थांबवले आहे आणि त्यांची चार यंत्रे गेले आठ महिने शेडमध्ये पडून आहेत. ती दुकानदाराला एकगठ्ठा न देता, ज्याला खरोखर वापरायची आहेत अशा माणसाला थेट विकावीत, अशी त्यांची इच्छा आहे. ही यंत्रे मी स्वतः कधी चालवलेली नाहीत. माझ्या अज्ञानामुळे घेणाऱ्याचे नुकसान होऊ नये आणि वडिलांनी इतक्या निगुतीने सांभाळलेल्या वस्तू मातीमोल भावानेही जाऊ नयेत, या दोन्हींची मला सारखीच काळजी वाटते, म्हणून येथे सविस्तर विचारत आहे.

पहिले यंत्र म्हणजे सात वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या इंजिनाची) चेन सॉ, म्हणजे साखळीची करवत. बार (ज्या पट्टीभोवती साखळी फिरते ती) १६ इंची आहे आणि साखळी गेल्याच वर्षी बदललेली आहे. पुढचा हँडगार्ड पुढे ढकलला की 'खट्' असा आवाज येतो, पण त्यानंतरही जाड हातमोजे घालून ओढल्यास साखळी थोडी सरकते. हे असेच असते का, ते मला माहीत नाही. दुसरे यंत्र म्हणजे पाच वर्षांचा ब्रश कटर, दांड्याच्या टोकाशी फिरणाऱ्या पात्याने झुडपे आणि उंच गवत कापणारा; तोही टू-स्ट्रोकच आहे. तो सुरू होतो, मात्र थ्रॉटल (वेग वाढवायचा खटका) दाबला की गुदमरल्यासारखा होऊन बंद पडतो. आठ महिन्यांपूर्वीचे पेट्रोल त्याच्या टाकीत अजून तसेच आहे. तिसरे गवत कापायचे यंत्र नऊ वर्षांचे असून त्याचे इंजिन १६३ सीसीचे, फोर-स्ट्रोक (तेल पेट्रोलमध्ये न मिसळता वेगळे घालायचे) आहे. त्याच्या डेकला (पात्यावरच्या पत्र्याच्या झाकणाला) खालून गंज आहे, पण दोन-तीनदा दोरी ओढली की ते चालू होते. चौथा कुंपण छाटायचा बॅटरीवरचा ट्रिमर आहे, आणि त्याची बॅटरी पूर्वीच्या निम्मा वेळही टिकत नाही.

वडिलांनी एक छोटी वही ठेवली आहे. तेल कधी बदलले, प्लग कधी काढून पाहिला, पात्याला धार कधी लावली, हे सगळे त्यांनी तारीखवार लिहिलेले आहे. घेणाऱ्याच्या दृष्टीने अशा वहीला काही किंमत असते का? शिवाय, आधी दुरुस्ती करून मग विकावे की आहे तसे विकावे, चारही एकत्र द्यावीत की सुटी, आणि अनोळखी माणसाला यंत्र चालवून पाहू द्यावे का, याबद्दलही मार्गदर्शन मिळाल्यास उपकार होतील.

पहिला प्रतिसाद

मी बरीच वर्षे अशा छोट्या इंजिनांची दुरुस्ती करत आलो आहे. किमतीकडे नंतर वळतो, कारण चेन सॉबद्दल तुम्ही जे सहज लिहून गेलात, ती या धाग्यातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे.

हँडगार्ड पुढे ढकलल्यावर साखळीला ब्रेक लागतो. क्लचच्या ड्रमभोवती एक पोलादी पट्टी आवळली जाते आणि साखळी जागच्या जागी घट्ट थांबली पाहिजे, हाताने ओढूनही ती हलता कामा नये. तुमची साखळी सरकते, याचा अर्थ पट्टी झिजलेली आहे किंवा तेल आणि भुशाने माखलेली आहे. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर करवत क्षणार्धात उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते, आणि त्या क्षणी हा ब्रेकच माणसाला वाचवतो. त्यामुळे ब्रेक दुरुस्त होईपर्यंत कृपया ही करवत कोणालाही विकू नका आणि चालवून पाहायलाही देऊ नका. दुरुस्ती करायची नसेल, तर ती 'फक्त सुट्या भागांसाठी' म्हणून द्या आणि तसे स्पष्ट लिहून द्या.

आता ब्रश कटर. तुम्ही सांगितलेली लक्षणे शिळ्या इंधनाची वाटतात. पेट्रोल आणि तेलाचे मिश्रण साधारण महिनाभर चांगले राहते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि उघड्यावर उडून गेलेल्या इंधनामागे राहणारा चिकट थर कार्ब्युरेटरची (इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागाची) बारीक छिद्रे बुजवतो. टाकी रिकामी करा, इंधनाची नळी आणि टाकीतला फिल्टर बदलून घ्या, कार्ब्युरेटर साफ करून त्याचा पडदा कडक झाला असेल तर तोही बदला. हा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने थोडा असतो, आणि तो करावाच, असे माझे स्पष्ट मत आहे. बंद पडणारे यंत्र पाहायला आलेला माणूस 'कार्ब्युरेटर खराब असेल' असा विचार करत नाही, तो इंजिनच गेले असे धरून चालतो आणि त्याच हिशेबाने भाव पाडतो.

याउलट गवताच्या यंत्राला नवा रंग देणे, चेन सॉला महागडा नवा बार बसवणे, असल्या गोष्टींवर पैसे घालू नका, ते परत मिळत नाहीत. उलट ताजा रंग दिसला की अनुभवी माणसाला खाली काय झाकले आहे अशी शंका येते. डेकचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढा आणि तसाच दिसू द्या. पत्र्याला कोठे भोक पडले आहे का, ते मात्र स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहा. टोक आरपार गेले तर ते जाहिरातीत लिहावे लागेल.

दोन्ही टू-स्ट्रोक यंत्रांचे कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब, पीएसआय या एककात) मोजून घ्या. प्लगच्या जागी गेज लावून दोरी पाच-सहा वेळा ओढली की आकडा स्थिर होतो. १२० पीएसआयच्या वर आकडा आला तर मी समाधानी असतो, ९० च्या आसपास आला तर इंजिन थकले आहे असे समजतो. फोर-स्ट्रोक यंत्राला हे माप लावू नका. दोरी ओढणे सोपे जावे म्हणून त्यांतल्या अनेक इंजिनांत सुरुवातीला दाब सोडण्याची सोय असते, त्यामुळे धडधाकट इंजिनाचाही आकडा कमी येतो आणि उगाच घाबरायला होते.

गेजखेरीज आणखी एक गोष्ट पाहता येते. सायलेन्सरचे बोल्ट काढा आणि आतल्या छिद्रातून टॉर्चच्या उजेडात पिस्टनची बाजू पाहा. ती गुळगुळीत असेल तर उत्तम, उभे ओरखडे दिसले तर कधीतरी तेल न घालता किंवा फारच कमी तेल घालून यंत्र चालवले गेले आहे. त्या बाजूचा एक स्वच्छ फोटो जाहिरातीत टाका. शंभर विशेषणांपेक्षा तो फोटो जास्त बोलतो, हे मी पुनःपुन्हा पाहिले आहे.

वडिलांच्या वहीला नक्कीच किंमत आहे. या आकाराच्या काही फोर-स्ट्रोक इंजिनांच्या पुस्तिकांत पहिले तेल २० तासांनी आणि त्यानंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायला सांगितलेले असते. वहीतल्या तारखा त्याच्याशी जुळत असतील, तर नऊ वर्षांचे ते इंजिन तीन वर्षांच्या निष्काळजीपणे वापरलेल्या इंजिनापेक्षा भरवशाचे आहे, आणि तसे तुम्ही निःसंकोच सांगू शकता.

दुसरा प्रतिसाद

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मी फक्त किमतीबद्दल लिहितो, कारण माझी स्वतःची यंत्रे मी अशीच विकली आहेत आणि पहिल्या वेळी चांगलाच चुकलो होतो.

वडिलांकडे जुने बिल असेल तर ते दाखवायला ठेवा, पण किंमत त्यावरून काढू नका. तेच मॉडेल, किंवा ते बंद झाले असेल तर त्याच्या जागी आलेले मॉडेल, आज प्रत्यक्षात कितीला मिळते ते पाहा. छापील किमतीवर सवलत मिळत असेल तर सवलतीनंतरची रक्कम धरा. त्यानंतर जुन्या वस्तूंच्या जाहिराती पाहाव्यात, मात्र जाहिरातीतला आकडा हा मागितलेला असतो, मिळालेला नव्हे. जी जाहिरात महिनोन्महिने तशीच आहे, तिच्यातली किंमत कोणीही द्यायला तयार नाही एवढेच तिच्यावरून कळते. काही दिवस रोज पाहत राहा आणि ज्या जाहिराती लवकर निघून जातात त्यांतले आकडे टिपून ठेवा.

तिसरी गोष्ट बहुतेक विक्रेते विसरतात. कमी नावाजलेल्या कंपनीचे, पण कोरे आणि वॉरंटी असलेले यंत्र ज्या किमतीला मिळते, ती तुमच्या यंत्राची व्यवहारातली वरची मर्यादा ठरते. ज्याला यंत्रांतले कळत नाही तो त्या किमतीला कोरेच घेईल. तुमचे यंत्र चांगल्या कंपनीचे असेल आणि त्याचे सुटे भाग सहज मिळत असतील, तर जाणकार माणूस त्या मर्यादेच्या जवळपास जातो, क्वचित ओलांडतोही. पण मग त्या जाणकारापर्यंत पोहोचेल अशी जाहिरात लिहावी लागते, म्हणजे नेमके मॉडेल, सीसी, बारची लांबी, बदललेले भाग आणि सगळे दोष.

बॅटरीच्या ट्रिमरचा हिशेब वेगळा ठेवा. बॅटरी थकलेली असताना नव्या बॅटरीचा पूर्ण खर्च घेणारा मनातल्या मनात वजा करतोच, आणि अनेकदा नवी बॅटरी व चार्जर यांचीच किंमत जवळजवळ अख्ख्या संचाइतकी भरते. ज्याच्याकडे त्याच कंपनीची इतर यंत्रे आहेत, त्याला तुमच्या बॅटरीशी काहीच कर्तव्य नसते, त्याला नुसते यंत्र हवे असते. जाहिरात अशाच माणसासाठी लिहा.

चारही एकत्र विकू नका, असे मी सांगेन. एकत्र घेणारा बहुधा पुढे विकणारा असतो आणि तो सगळ्यांत वाईट यंत्राच्या हिशेबाने भाव करतो. कॅन, जादा पाती, फाईल, हातमोजे या वस्तू मात्र ज्या त्या यंत्रासोबत देऊन टाका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चेन सॉबद्दल वाचून मी हादरले. वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले की ब्रेकची पट्टी सैल झाल्याचे त्यांच्या लक्षात आले होते, पण नंतर करवत वापरायची वेळच आली नाही. तिची जाहिरात मी अजून दिलेली नाही. दोन शंका राहिल्या आहेत. पाहायला येणाऱ्यापुढे यंत्र आधीच गरम करून ठेवावे का? आणि फोनवरच 'शेवटची किंमत सांगा' असा आग्रह धरणाऱ्याला काय उत्तर द्यावे?

पहिला प्रतिसाद देणारे

अजिबात गरम करून ठेवू नका. गरम इंजिन जवळजवळ प्रत्येक वेळी चालू होते, म्हणून जाणकार माणूस आल्याआल्या सायलेन्सरला हात लावून पाहतो. तो थंडगार लागला आणि त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या ओढीत यंत्र चालू झाले, की त्याच्या मनातला निम्मा संशय तिथेच मिटतो. दोरी त्यालाच ओढू द्या. यंत्र चालवून पाहायचे असेल तर चष्मा, कानांचे संरक्षण आणि बूट हवेतच, आणि चेन सॉ ज्याने कधी हातात धरलेली नाही त्याला ती चालवायला देऊ नका. तुम्हालाही सवय नाही, तेव्हा अशा वेळी चालवून दाखवायला कोणी माहीतगार माणूस बोलवा.

किमतीबाबत, यंत्र न पाहता भाव उतरवू नये. "सर्व दोष जाहिरातीत लिहिले आहेत, आपण येऊन पाहा, पाहिल्यावर बोलू," एवढे नम्रपणे सांगावे. येणारा माणूस जाहिरातीत नसलेला एखादा खरा दोष दाखवून देईल, तर त्यापुरती किंमत अवश्य कमी करा. जो दोष तुम्ही आधीच सांगितला आहे आणि किमतीत धरला आहे, त्यासाठी दुसऱ्यांदा कमी करायचे कारण नाही.

पैसे आल्याचे समोरच्याच्या फोनवरच्या चित्रावरून मानू नका, स्वतःच्या खात्यात जमा झालेले पाहा. दोन प्रतींत साधी पावती करा: मॉडेल, अनुक्रमांक, तारीख, रक्कम, सांगितलेले दोष आणि दोघांच्या सह्या. नेण्याआधी टाकी रिकामी करा, आणि टू-स्ट्रोक यंत्रात तेल किती घालायचे ते घेणाऱ्याला लिहून द्या. ५०:१ म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. तुमच्या यंत्राला यांतले कोणते लागते ते पुस्तिकेत पाहा. नव्या मालकाने पहिल्याच दिवशी नुसते पेट्रोल घालून इंजिन जाम केल्याची उदाहरणे माझ्याकडे दुरुस्तीला आलेली आहेत.

धागाकर्ती

तीन आठवड्यांनी कळवत आहे. ब्रश कटरची नळी, फिल्टर आणि कार्ब्युरेटरचा पडदा बदलला, कम्प्रेशन १३५ आले, आणि जाहिरात दिल्यावर चौथ्या दिवशी तो मागितलेल्या किमतीपेक्षा थोड्याच कमी रकमेत गेला. गवताच्या यंत्रासाठी आलेल्या गृहस्थांनी आधी खरोखरच सायलेन्सरला हात लावला, मग वडिलांच्या शेजारी बसून वहीचे प्रत्येक पान वाचले आणि किंमत कमी करा असे एकदाही म्हटले नाही. वही आपल्याला मिळेल का, एवढेच त्यांनी विचारले. वडिलांनी ती दिली, आणि शेवटच्या पानावर त्या दिवशीची तारीख घालून 'पाते उजवीकडे थोडे जास्त झिजते, लक्ष ठेवावे' असे लिहून दिले.

ट्रिमर अजून आहे. चेन सॉच्या ब्रेकची नवी पट्टी मागवली आहे. ती बसवून झाली, साखळी हाताने ओढून हलत नाही अशी खात्री झाली, की मगच तिची जाहिरात देईन.