'द लास्ट स्टेशन' पाहिला. सोफियाला खरंच आत सोडलं नव्हतं का?

पावसाळी_दुपार

'द लास्ट स्टेशन' (२००९), टॉलस्टॉयच्या शेवटच्या दिवसांवरचा सिनेमा, एकदाचा बघून संपवला. दोन बैठका लागल्या, कारण पहिल्या रात्री सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि नेमका तेव्हाच टॉलस्टॉय नवरा-बायकोचा तो कोंबडा-कोंबडीचा प्रसंग सुरू झाला. रिमोट सापडेना. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "असू दे, म्हातारी माणसं आहेत."

मुद्द्याचं विचारते. हेलन मिरेनची सोफिया, म्हणजे टॉलस्टॉयची बायको, बाल्कनीतून चोरून ऐकते काय, तळ्यात उडी घेते काय. यातलं खरं किती आणि लेखक जे पारिनीच्या मूळ कादंबरीतलं किती? आणि शेवटी ती स्टेशनवर येऊन उभी राहते, पण पोटची मुलगीच तिला नवऱ्याजवळ जाऊ देत नाही, हे घडलंय का? ४८ वर्षांचा संसार हो! मला रात्रभर झोप नाही. कादंबरी वाचू का?

शाईचा_डाग

तळं खरं आहे. २८ ऑक्टोबर १९१० ला पहाटे टॉलस्टॉय घर सोडून गेला, उठल्यावर तिने चिठ्ठी वाचली आणि थेट तळ्याकडे धावली. मुलगी साशा आणि बुल्गाकोव यांनी बाहेर काढलं. (हा व्हॅलेंतिन बुल्गाकोव, टॉलस्टॉयचा सेक्रेटरी. 'मास्टर आणि मार्गारिटा'वाला वेगळा. दर वेळी कोणीतरी घोळ करतं.) तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या आहेत, आपल्या हिशोबात १३ दिवस मिळवा.

कादंबरी १९९० ची. पारिनीला नेपल्समध्ये जुन्या पुस्तकांत बुल्गाकोवची डायरी सापडली, तिथून सुरुवात. पुस्तकात प्रत्येक जण आपापली बाजू सांगतो, सोफिया, टॉलस्टॉयचा पट्टशिष्य चेर्तकोव, साशा, डॉक्टर, सगळे. सिनेमात हे सपाट झालंय. बुल्गाकोवची प्रेयसी माशा मात्र कल्पित. वाचाच.

निवृत्त_मास्तर

मी साहित्यातला माणूस नव्हे. ३६ वर्षं रेल्वेत काढली, त्यातली बरीचशी स्टेशन मास्तर म्हणून. मुलीने "बाबा, नाव बघा, तुमच्यासाठीच काढलाय" म्हणून हा सिनेमा लावून दिला. त्यामुळे मी तो पाहिला ओझोलिनसाठी. तुम्ही विचाराल, कोण ओझोलिन? तेच तर. त्याला कोणी विचारतच नाही.

इवान ओझोलिन हा अस्तापोवोचा स्टेशन मास्तर. टॉलस्टॉय, डॉक्टर माकोवित्स्की आणि साशा गाडीने दक्षिणेकडे निघाले होते. वाटेत म्हाताऱ्याला ताप चढला, वय ८२, ३१ तारखेला अस्तापोवोला उतरवलं. आजारी माणसाला ठेवण्याजोगी जागा स्टेशनात नव्हती, म्हणून या गृहस्थाने आपलं घर दिलं. घरात बायको, पोरं होती.

आता रेल्वेचं क्वार्टर म्हणजे काय ते मला विचारा. दौंड-मनमाड लाईनवर माझं दोन खोल्यांचं होतं. नळाला पाणी सकाळी अर्धा तास, आणि मालगाडी गेली की फडताळातल्या वाट्या वाजायच्या. एकदा पॅसेंजरमधून असाच एक म्हातारा उतरवावा लागला, अंग नुसतं फणफणलेलं. तालुक्याहून गाडी यायची म्हणजे उजाडणार. आमच्या हिने त्याला कॉटवर झोपवलं, पेज पाजली, पोरांना स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण घातलं. एकच रात्र, तरी सकाळी लाईन क्लिअर (गाडीला पुढे सोडायची परवानगी) देताना मी पेंगत होतो. ओझोलिनकडे हे आठवडाभर चाललं, आणि पाहुणा कोण, तर टॉलस्टॉय!

सिनेमात वार्ताहरांची गर्दी आहे. मला आठवला तो तारबाबू. अस्तापोवो जंक्शन होतं, म्हणजे गाड्यांचं काम चालू ठेवायचंच, आणि वर जगभरच्या वर्तमानपत्रांना तारा. मोर्स शिकलेल्यांतली आमची शेवटची पिढी. मिनिटाला २० शब्द न चुकता गेले तर 'हात चांगला' म्हणायचे. त्या आठवड्यात तिथल्या माणसाचं मनगट राहिलं असेल का, हा विचार मला अजून सोडत नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो असंच आहे. नाही सोडलं. ती तुला या शहराहून स्पेशल गाडी करून आली आणि सायडिंगला लावलेल्या त्याच डब्यात राहिली. तिला पाहून त्याचा जीव हलेल, असं मुलांचं आणि डॉक्टरांचं ठरलं. चेर्तकोव मात्र आत! शेवटच्या काही तासांत, शुद्ध जवळजवळ हरपल्यावर तिला जाऊ दिलं. ७ नोव्हेंबरला सकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी संपलं सगळं. त्या दिवसांतली, बाहेरून त्या घराच्या खिडकीत डोकावणारी तिची छबी आजही बघायला मिळते. हेलन मिरेन थोरच, पण त्या पाठमोऱ्या बाईपुढे नाही.

हे हिला सांगितलं तर ती म्हणाली, "त्या मास्तरणीने तरी दार उघडायचं." मी म्हटलं, अगं, घर तिचं होतं, पण त्या आठवड्यात दार तिचं नव्हतं.

तिखट_मीठ

सगळं 'बिच्चारी सोफिया' चाललंय म्हणून लिहितो. सिनेमाने चेर्तकोवला मिशांना मेण लावणारा खलनायक करून टाकलंय, सोपं काम. आणि सोफियाला प्रेमवेडी. ती फक्त प्रेमवेडी नव्हती हो, ती प्रकाशक होती! 'युद्ध आणि शांतता'चे खर्डे तिने पुन्हा पुन्हा हाताने उतरवले, १३ बाळंतपणं काढली, नवऱ्याची पुस्तकं स्वतः छापून विकली. १८९१ मध्ये सेन्सॉरमध्ये अडकलेल्या एका पुस्तकासाठी थेट झारला जाऊन भेटली. त्याच वर्षी नवऱ्याने १८८१ नंतरच्या लेखनावरचे हक्क सोडून दिले. आणि २२ जुलै १९१० ला, तिच्यापासून लपवून, रानात झाडाच्या खोडावर बसून मृत्युपत्रावर सही केली. भांडण या कागदाचं, म्हणजे पुस्तकांच्या हक्कांचं होतं. सिनेमा ते दाखवतो, पण मग घाईघाईने प्रेमाकडे वळतो.

आणखी एक. याच धुमश्चक्रीत, सप्टेंबरमध्ये, त्याने गांधींना अहिंसेवरचं ते लांबलचक पत्र लिहिलंय. घरात शांतता नावाला नाही आणि हा माणूस जगाला शांततेचं सांगतोय. यावर कोणी सिनेमा काढत नाही.

(पारिनीची कादंबरी आणि सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' एकाच वर्षीचं, १९९०. लेखकाच्या घरातली बाई बोलायला लागली की काय होतं ते बघायचं असेल तर दोन्ही लागोपाठ वाचा.)

पावसाळी_दुपार

मास्तरकाका, खिडकीतली ती छबी शोधून पाहिली. सासूबाईंनाही दाखवली. त्यांनी चष्मा पुसला आणि फक्त "थंडी किती असेल तिथे" एवढंच म्हणाल्या.

तिखट_मीठ, मृत्युपत्राचं पटलं. कादंबरी मागवली आहे.

काका, ते स्टेशन अजून आहे का?

निवृत्त_मास्तर

आहे. आता स्टेशनचं नावच 'लेव टॉलस्टॉय'. ओझोलिनच्या घराचं संग्रहालय केलंय. स्टेशनातलं घड्याळ म्हणे ६ वाजून ५ मिनिटांवर बंद करून ठेवलंय. भावना समजते, पण प्लॅटफॉर्मवरचं बंद घड्याळ मला बघवायचं नाही. तिथे असतो तर पहिल्याच दिवशी चावी दिली असती आणि मेमो घेतला असता.