विंडोतला ‘ओ’ कुणाचा?

सचिव (ए-१०१): शनिवारी जिन्याच्या खिडक्यांना स्लायडिंग बसवणार आहेत. जिन्यातल्या कुंड्या, चपलांचे स्टँड शुक्रवारी रात्रीच उचला. 🙏

बी-३०४: कबुतरांच्या जाळीचंही बघा हो. आणि एक अवांतर. लेक विचारतेय, विंडोमधला ‘विंड’ म्हणजे वारा, मग ‘ओ’ कसला? काका आहेत का?

सी-२०२ (काका): आहे. ‘ओ’ म्हणजे डोळा! मूळ शब्द जुन्या नॉर्समधला ‘विंदाउगा’, वाऱ्याचा डोळा. स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात वसलेल्यांबरोबर आला, १३ व्या शतकापासून लिखाणात सापडतो. काच कुठली तेव्हा, भिंतीला नाहीतर छपराला भोक. वारा आत, धूर बाहेर.

बी-३०४: आणि त्याआधी?

काका: ‘एआगथ्युरेल’, डोळ्याचं भोक. त्यातलं ‘थ्युरेल’ नॉस्ट्रिलमध्ये अजून शिल्लक आहे, म्हणजे नाकाचं भोक 😄 लॅटिनवरून आलेला ‘फेनेस्टर’ही इंग्रजीत १६ व्या शतकापर्यंत होता. जर्मन तर आजही फेन्स्टरच म्हणतात.

ए-४०३: म्हणजे आपल्या ‘गवाक्ष’वरून ढापलं की! गो + अक्ष. टाकतो गावच्या ग्रुपवर.

काका: अहो थांबा, टाकू नका! गवाक्ष बैलाचा डोळा, त्यांचा वाऱ्याचा. ढापलेलं काही नाही. पण आउगा आणि अक्षि एकाच मुळातले, विंड आणि वात हेही तसेच. चुलत भावंडं म्हणा. सहलीला कार्ल्याला गेलो होतो तेव्हा दारावरची नालेसारखी भली मोठी कमान पाहिलीत ना? तेच चैत्यगवाक्ष. आतल्या स्तूपावर उजेड येतो तो तिथूनच.

ए-४०३: मी तेव्हा खाली भजी खात होतो 🙈

डी-१०२: आमच्या म्हापशाला ‘जनेल’ म्हणतात. आजीकडच्या जनेलांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या होत्या. भर दुपारी खोलीत दुधासारखा उजेड पडायचा.

काका: वा वहिनी! पोर्तुगीज ‘जानेला’, लॅटिनमधल्या ‘यानुआ’वरून. यानुआ म्हणजे दार, त्याचं हे पिल्लू.

बी-३०४: आणि वातायन?

काका: वाऱ्याची वाट. विंडोच्या अगदी शेजारचा शब्द.

सचिव: काका, सी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर वाऱ्याच्या वाटेत तीन कुंड्या आहेत. तुमच्याच ना?

काका: उचलतो 🙏