थकहमी, हमीपत्र की पाठिंब्याचे पत्र? व्हिनाशिनच्या कर्जावरून निघालेली शब्दचर्चा

प्रश्न

व्हिएतनामच्या सरकारी कंपन्यांवरचा एक लेख मराठीत लिहिते आहे. व्हिनाशिन या सरकारी जहाजबांधणी कंपनीने २००७ साली परदेशी बँकांकडून ६० कोटी डॉलर उचलले. तेव्हा तिथल्या अर्थमंत्रालयाने बँकांना एक पत्र दिले होते. त्याला 'हमीपत्र' म्हणू की 'थकहमी'? आणि 'संक्रमणशील अर्थव्यवस्था' हा शब्द कानाला बरा वाटतो का?

प्रतिसाद

दोन्ही शब्द तिथे नकोत. थकहमीचा अर्थ आपल्याकडे पक्का आहे. सहकारी साखर कारखान्याने कर्ज काढायचे, राज्य सरकारने त्याला थकहमी द्यायची, आणि कारखाना थकला की बँकेने सरकारच्या दारात जायचे. राज्य सहकारी बँकेने असे पैसे सरकारकडे मागितलेले आहेत. म्हणजे या शब्दात तीन गोष्टी आल्या: कर्ज दुसऱ्याचे, थकबाकी झाली तरच जबाबदारी, आणि ती जबाबदारी कायद्याने वसूल होणारी.

२००७ च्या पत्रात यातली तिसरी गोष्ट नव्हती. सरकार कंपनीच्या पाठीशी आहे, एवढाच त्याचा सूर. डिसेंबर २०१० मध्ये ६ कोटी डॉलरचा पहिला हप्ता चुकला, तेव्हा कर्ज कंपनीचे आहे, कंपनीनेच फेडावे, अशी भूमिका सरकारने घेतली. बँकांनी मात्र ते पत्र हमीसारखेच धरले होते. म्हणून तुम्ही 'हमीपत्र' लिहिलेत, तर ज्या मुद्द्यावर सगळे भांडण झाले तोच वाचकासाठी आधीच निकालात काढल्यासारखा होईल. 'पाठिंब्याचे पत्र' लिहा. शब्द साधा आहे, पण खरा आहे.

या एकाच कंपनीच्या गोष्टीत सरकारी तिजोरी तीन वेगवेगळ्या वाटांनी अडकली, आणि तिन्हींना मराठीत वेगळे शब्द लागतात. २००५ साली सरकारने स्वतःच्या नावावर ७५ कोटी डॉलरचे रोखे विकले आणि ती रक्कम व्हिनाशिनला दिली. हे पहिल्या दिवसापासून सरकारचे कर्ज. कंपनीच्या बाजूने त्याला 'पुनर्कर्ज', म्हणजे सरकारने कर्ज काढून पुढे दिलेले कर्ज, म्हणता येईल. २००७ चे पत्र वर आलेच. बुडालेल्या त्या ६० कोटींच्या बदल्यात २०१३ मध्ये नवे रोखे निघाले, मुदत २०२५ पर्यंत, आणि त्यांना सरकारने रीतसर हमी दिली. इथे 'थकहमी' चपखल बसतो. तीन वर्षांपूर्वी जी जबाबदारी आपली नाही असे सरकार म्हणत होते, ती अखेर त्याच्या अंगावर आली.

पुन्हा प्रश्न

मग २०१० पर्यंत हे कर्ज 'सार्वजनिक कर्ज' होते की नव्हते?

प्रतिसाद

व्हिएतनामच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे नव्हते. सरकारचे कर्ज, सरकारने हमी दिलेले कर्ज आणि स्थानिक प्रशासनाचे कर्ज, एवढेच त्यात मोजतात. सरकारी कंपनीने बिनहमीचे काढलेले कर्ज बाहेर राहते. व्हिनाशिनवर एकूण सुमारे ८६ लाख कोटी डोंग, म्हणजे चार अब्ज डॉलरहून जास्त, देणे होते. हप्ता चुकला त्याच महिन्यात मूडीज या पतमानांकन संस्थेने देशाचा पतदर्जा खाली आणला. कायद्याची व्याख्या काहीही असो, सावकार कंपनी आणि सरकार यांना एकाच हिशेबात धरत होते. आज कागदावर सरकारचे नाही, पण उद्या त्याच्या अंगावर येऊ शकते, अशा देण्याला 'संभाव्य देयता' म्हणा. 'आकस्मिक दायित्व'ही दिसते, पण त्यात अपघाताचा वास येतो, आणि हे संकट आकस्मिक मुळीच नव्हते. जहाजबांधणीशी संबंध नसलेल्या कितीतरी धंद्यांत कंपनीने कर्जाचा पैसा घातला होता. उलाढाल फुगत होती. उलाढालीला 'कामगिरी' म्हणण्याची चूक तुमच्या लेखात होऊ देऊ नका.

आणखी एक प्रतिसाद

तुमच्या लेखात 'खासगीकरण' येणार असेल तर एक सांगते. व्हिएतनाममध्ये १९९२ पासून जे चालले आहे त्याला ते स्वतः खासगीकरण म्हणत नाहीत. त्यांच्या शब्दाचा अर्थ शब्दशः 'समभागीकरण': कंपनीचे समभाग करायचे, काही विकायचे, बरेचदा मोठा हिस्सा सरकारकडेच ठेवायचा. कम्युनिस्ट पक्षाच्या राजवटीत हा फरक नुसता सोवळेपणाचा नाही, मालकी खरोखरच सरकारकडे राहते. पण २०१७ च्या डिसेंबरमध्ये साबेको या बिअर कंपनीचे जवळपास ५४ टक्के समभाग थायलंडच्या उद्योगसमूहाकडे गेले, सुमारे ४८० कोटी डॉलरना. तिथे ताबाच गेला. त्याला समभागीकरण म्हणणे बरोबर नाही, नुसती 'निर्गुंतवणूक'ही कमी पडते. 'बहुमताच्या हिश्श्याची विक्री' लिहावे. आणि तो पैसा आपल्या अर्थसंकल्पाच्या भाषेत 'भांडवली जमा' आहे, 'महसुली' नाही. एकदाच येतो. कंपनी हातात असताना दरवर्षी मिळणारा लाभांश महसुली जमेत पडतो. मला वाटते, लेखात हा भेद दोन ओळी देऊन समजावायला हवा.

प्रतिसाद

'संक्रमणशील'बद्दल राहिले. मराठीत संक्रमण म्हणजे एका स्थितीतून दुसरीत जाणे, मकरसंक्रमणातले. पण कोविडपासून हिंदीच्या ओघात लोक तो शब्द संसर्गासाठी वापरू लागले आहेत, त्यामुळे मथळ्यात गोंधळ होईल. 'स्थित्यंतरातली अर्थव्यवस्था' म्हणा. पहिल्यांदा येईल तिथे '१९८६ च्या दोई मोई धोरणानंतर नियोजनाकडून बाजाराकडे जाणारी' एवढे जोडा.