नवीन फझ पेडल: घरी भारी वाजतं, बँडमध्ये गिटारच गायब

रात्रपाळी_रिफ
मंडळी, आतापर्यंत फक्त रॅट हे डिस्टॉर्शन पेडल वापरलंय, परवा एकाकडून सेकंडहँड फझ (गिटारचा आवाज फाडणारं पेडल) घेतलं, बिग मफ या नावाजलेल्या फझच्या सर्किटवर कुणीतरी हाताने बनवलेलं आहे म्हणे, व्हॉल्यूम टोन सस्टेन एवढे तीनच नॉब. घरी छोट्या अँपवर काय वाजतं राव, एक नोट धरून ठेवली तर संपतच नाही. पण प्रॅक्टिसला ड्रम आणि बास सुरू झाले की आपण गायब. व्हॉल्यूम वाढवला तर नुसता गोंगाट वाढतो, मी काय वाजवतोय मलाच कळेना, आणि सहा तारांची पूर्ण कॉर्ड मारली की सगळा चिखल. पेडलच खराब आहे का? आणि फझ आणि डिस्टॉर्शन यात नेमका फरक काय, यूट्यूबवर जो तो वेगळंच सांगतो.

सोल्डर_काका
पेडल ठणठणीत आहे. मफचा टोन मधोमध ठेवला की साधारण १ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे तिथला आवाज दबतो, आणि बँडमध्ये गिटार ऐकू येते ती मिड्सच्याच, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सींच्याच जोरावर. खाली बास आणि किक, वर सिंबल, मधली जागा तू सोडून दिलीस मग ऐकू कसा येणार. रॅटमध्ये असा खड्डा नाही, तिथे फिल्टरचा नॉब फक्त वरचा ट्रेबल कापतो. आणि हो, रॅटचा फिल्टर उजवीकडे नेला की आवाज मऊ होतो, मफचा टोन उजवीकडे नेला की टोचायला लागतो, जुन्या सवयीने उलटं फिरवत नाहीस ना ते बघ. अँपवर मिड वाढव, बास उतरव, सस्टेन अर्ध्याच्या खाली आण. एकट्याने ऐकशील तर भिकार वाटेल, वाटू दे.

फरकाचं म्हणशील तर दोन्हीत सिग्नलची वरची-खालची टोकं कापलीच जातात, कशाने आणि किती ते वेगळं. १९६६ च्या फझ फेसमध्ये जेमतेम दोन ट्रान्झिस्टर, त्यांनाच इतकं रेटायचं की वेव्ह जवळजवळ चौकोनी होते. रॅटमध्ये ऑपअँप नावाची चिप सिग्नल मोठा करते आणि मग दोन डायोड त्याला ठराविक उंचीवर कापतात. मफमध्ये ट्रान्झिस्टर आणि डायोड दोन्ही, त्यात कापायचं काम एकापाठोपाठ दोनदा, म्हणून ते दोघांच्या मधलं, पण लोक फझच म्हणतात.

बाकी खराब पेडलचं काय घेऊन बसलास, फझ जन्माला आलं तेच बिघाडातून. नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि बासचा आवाज फाटला, तो तसाच ठेवला आणि गाणं १९६१ मध्ये चाललं. पुढच्याच वर्षी तसा आवाज काढणारं माएस्ट्रो ब्रँडचं फझ-टोन पेडल बाजारात.

डोंबिवली_फास्ट_पिकिंग
काकांशी सहमत पण अँपला हात लावायची गरज नाही, स्टुडिओतला अँप दर वेळी वेगळा असतो, कुठे कुठे सेट करत बसणार. मफच्या पुढे एक ट्यूब स्क्रीमर (ओव्हरड्राइव्ह पेडल) टाक, म्हणजे गिटार मग मफ मग स्क्रीमर मग अँप. ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल वर. त्याचे मिड्स ७०० हर्ट्झच्या आसपास फुगतात, खड्डा बराचसा भरून निघतो.

कॉर्डचं म्हणशील तर तीन-चार तारा एकदम फझमध्ये घातल्या की प्रत्येक दोन नोट्सच्या बेरजा-वजाबाक्या पण वाजायला लागतात. पाचवी तार मोकळी ११० हर्ट्झ, तिचा पंचम १६५, वजाबाकी ५५, म्हणजे बरोबर खालचा सा, म्हणून पॉवर कॉर्ड अशी जाड वाटते. त्यात गंधार घातलास की २६, २९ असले आकडे निघतात जे कुठल्याच सुरात बसत नाहीत. दोन तारा वाजव, बाकीच्या तळहाताने दाब.

रात्रपाळी_रिफ
हे वजाबाकीचं कुणी सांगितलंच नव्हतं!! अजून एक, गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की फझ साफ होतं असं ऐकलं होतं, माझं तर नुसतं थोडं हळू होतं.

सोल्डर_काका
ते फझ फेसचं कौतुक. त्याचा इनपुट इंपीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) खूप कमी म्हणून गिटारच्या नॉबला लगेच ऐकतं, फक्त मधे बफर (सिग्नल तसाच जोमाने पुढे ढकलणारं सर्किट) टाकलास की ती मजा गेली. मफकडून ती अपेक्षा ठेवू नकोस.

पुढे कधी जर्मेनियम ट्रान्झिस्टरवालं फझ घेतलंस तर दोन गोष्टी. त्यातली बरीच पॉझिटिव्ह ग्राउंडची (सप्लायचं प्लस टोक ग्राउंडला जोडलेली) असतात, बाकी पेडलांबरोबर एकाच डेझी चेनवर (एका सप्लायवरून सगळ्या पेडलांना जाणाऱ्या वायरवर) लावलीस तर सप्लाय शॉर्ट होतो, त्याला वेगळी बॅटरी दे. आणि गरम झालं की जर्मेनियमचं लीकेज (नको असताना गळणारा करंट) वाढतं, आपल्याकडे मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत त्याचा आवाज पार बदललेला असतो. बॅटरीवर चालवत असशील तर वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढत जा, पेडल बंद दिसलं तरी केबल असेपर्यंत बॅटरी जळत असते.

रात्रपाळी_रिफ
तरीच बॅटरी संपली होती! शनिवारी प्रॅक्टिस आहे, आधी अँपचे मिड वाढवून बघतो. ठाण्यात कुणी एक दिवस ट्यूब स्क्रीमर देईल का, कॉपी असली तरी चालेल?