ताबा नोटीस लागलेल्या शेजाऱ्यांचा उपद्रव : तक्रार नेमकी कोणाकडे करावी?

खालचा मजला

आमच्या वरच्या फ्लॅटच्या दारावर बँकेने गृहकर्जाच्या थकबाकीपोटी ताबा नोटीस चिकटवली आहे. तेव्हापासून त्या घरात कोणाचाच धरबंध राहिलेला नाही. रात्री उशिरापर्यंत मोठ्या आवाजात गाणी चालतात, जिन्यात कचऱ्याच्या पिशव्या साचतात आणि आता खिडक्यांचे ग्रिल व बाथरूममधील फरशा उखडण्याचे काम सुरू झाल्यामुळे पाणी आमच्या छतातून झिरपू लागले आहे. विचारले, तर 'घर आता बँकेचे आहे, बँकेलाच सांगा' असे उत्तर मिळते. लिलाव होईपर्यंत हे सोसण्यावाचून खरोखरच गत्यंतर नाही का?

माजी सचिव

शेजाऱ्यांचे ते उत्तर ऐकून घेऊ नका, कारण ते कायद्याला धरून नाही. थकीत कर्जापोटी तारण घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्यानुसार बँक आधी 60 दिवसांची मागणी नोटीस देते. त्यानंतर दारावर लागते आणि वर्तमानपत्रांत छापून येते, ती बहुतेक वेळा केवळ सांकेतिक, म्हणजे कागदोपत्री ताब्याची नोटीस असते; घर प्रत्यक्षात कर्जदाराकडेच राहते. लिलाव पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत मालक तेच, आणि म्हणून सोसायटीचे सभासद व जबाबदारही तेच.

लिलावाच्या भरवशावर राहू नका, असे मी स्पष्टच सांगेन. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला कलम 14 खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. त्यावरील आदेशासाठी 30 दिवसांची आणि कारणे नोंदवून एकूण 60 दिवसांपर्यंतची मुदत कायद्यात असली, तरी ती पाळली जातेच असे नाही. शिवाय कर्जदाराने कर्जवसुली न्यायाधिकरणातून स्थगिती मिळवली, तर प्रकरण आणखी रेंगाळते.

गाण्यांच्या आवाजाशी बँकेला काहीही देणेघेणे नसते, त्यासाठी पोलीसच. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत निवासी भागातील मर्यादा 45 डेसिबल आहे, तेव्हा त्याच वेळी 112 वर फोन करून नंतर लेखी अर्जही द्यावा. ग्रिल आणि फरशांची गोष्ट मात्र वेगळी. ते घर बँकेचे तारण आहे आणि त्याची मोडतोड झाली की लिलावातील किंमत घसरते. नोटिशीच्या तळाशी 'अधिकृत अधिकारी' म्हणून ज्यांची सही असते, त्यांना तारखेसह छायाचित्रे जोडून पत्र पाठवा. आवाजाच्या तक्रारीला जे अधिकारी उत्तरही देणार नाहीत, ते या पत्रावर पाहणीला येण्याची शक्यता बरीच जास्त असते.

शेजारधर्म

वरील सल्ला योग्य आहे, तरी पोलिसांत जाण्यापूर्वी घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीशी, कर्जाचा विषय न काढता, केवळ गळतीबद्दल एकदा बोलून पाहावे. घर हातचे चाललेल्या माणसाला 'बँकेला कळवू' ही धमकी वाटत नाही, त्याची भीती केव्हाच मेलेली असते. आणि कृपा करून त्या नोटिशीचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. असे झाले की उरलेसुरले बोलणेही बंद होते.

खालचा मजला

फोटो आधीच कोणीतरी टाकला आहे, त्यामुळे बोलणे अवघडच दिसते. त्यांचा मेंटेनन्सही थकला असल्याने कमिटीतील काही जण पाणी तोडा म्हणतात. तसे करता येईल का?

माजी सचिव

पाणी तोडण्याच्या भानगडीत कमिटीने पडू नये. उद्या तेच तक्रारदार होतील आणि कमिटी खुलासे देत बसेल. त्याऐवजी थकबाकीचा हिशेब बँकेला आत्ताच लेखी कळवा. बँकेला माहीत असलेले बोजे, म्हणजे त्या घरावरील देणी, विक्रीच्या नोटिशीत दाखवावे लागतात आणि हे लिलाव 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर, म्हणजे घर आहे त्या स्थितीत घेण्याच्या अटीवर होत असल्याने खरेदीदार अशी पत्रे आवर्जून पाहतो. गळतीचा उल्लेखही त्याच पत्रात करा, पण दुरुस्ती त्यावर अवलंबून ठेवू नका. प्लंबरकडून कारण लेखी घेऊन कमिटीमार्फत मालकाला नोटीस द्या. तरीही दार उघडले नाही, तर दिवाणी न्यायालयाकडे अंतरिम आदेश मागता येतो.