विषय: केमोनंतर आईला मळमळ, खायला काय द्यावं?

नमस्कार मंडळी,

माझी आई गुहागरला असते. परळला टाटामध्ये तिची केमो सुरू झाली आहे. औषध घेऊन घरी आली की अन्न समोर आलं तरी तिला उमासे येतात. बाबा हौसेनं सुरमई आणतात आणि ती ताट बाजूला सारते. मी पुढच्या आठवड्यात घरी पोचतेय. कोणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

---

अगं, आधी बाबांना फोन कर. केमोच्या आसपासच्या दिवसांत आईच्या आवडीचं काही करू नका म्हणावं. त्या वेळी खाल्लेल्या पदार्थाशी मळमळ जोडली जाते, मग बरं वाटू लागल्यावरही तो नकोसा होतो. सुरमई मधल्या बऱ्या दिवसांसाठी राखून ठेवा.

माझ्या जाऊबाईंच्या वेळी मी मालवणला होते. त्यांना सगळ्यात जास्त त्रास वासाचा. बांगडा तळला, तिरफळं घातली, नुसती फोडणी दिली तरी पडवीत बसल्या जागी तोंडाला पदर लावायच्या. म्हणून तळणं बंद केलं आणि जेवण निववून द्यायला लागलो, कारण गरम अन्नाचा वास फार पसरतो. उकड्या तांदळाची पेज, चवीला मीठ, अर्धी वाटीच. दोन-अडीच तासांनी पुन्हा थोडी. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, तेव्हा "भूक लागली की खाईल" म्हणून थांबू नका. सकाळी उठल्याउठल्या कोरडे कुरमुरे किंवा टोस्ट द्या. पाणी जेवताना कमी, एरवी घोट घोट: शहाळं, कोकम सरबत. तोंड आलं असेल तर कोकम झोंबतं, मग ते नको. सोलकढीही त्या दिवसांत नको, नारळाचा रस जड पडतो. आलेपाक चघळायला बरा, पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच. खाल्ल्यावर तासभर आडवं पडू देऊ नका.

आणि हे सगळं गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नव्हे! उलटीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर नाही, सांगितलेल्या वेळीच द्या, बरं वाटत असलं तरी. सिस्प्लॅटिनसारख्या केमोच्या औषधाची मळमळ दुसऱ्या दिवशी सुरू होऊन पुढे काही दिवस राहू शकते. ऑन्डान्सेट्रॉन या उलटीच्या गोळीनं पोट साफ होईनासं होतं आणि त्यानंही अन्न नको वाटतं. आई लाजून सांगणार नाही, तू विचार. दिवसभर पाणीही पोटात ठरलं नाही, किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन करा.

---

काकू, खूप आभार. बाबांशी बोलले. ते गप्प झाले, मग म्हणाले, "पेज मीच करीन." पुढच्या वेळी आईला चिपळूणपर्यंत रेल्वेनं आणतोय, घाटाची वळणं तरी टळतील. गाडीत बसण्याआधी गोळी कधी द्यायची, ते डॉक्टरांना विचारून घेते.