टोकाचं ओव्हरक्लॉकिंग: आधी ड्राय आइस की थेट लिक्विड नायट्रोजन?

हिमकण:
प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवताना (ओव्हरक्लॉकिंग) तो गार ठेवायला वॉटर कूलिंगच्या पुढे जायचं म्हटलं की लोक एकदम नायट्रोजनचीच चौकशी करतात. माझं ठाम मत: हात बसेपर्यंत ड्राय आइसच (घन कार्बन डायऑक्साइड) वापरावा. तो उणे ७८.५ अंशांला टिकून राहतो, त्यामुळे पॉट (चिपवर बसणारं तांब्याचं भांडं) त्याच्या खाली जात नाही आणि कोल्ड बगची (अति थंडीने चिप बंद पडण्याची) भीती बरीच कमी होते. ३०० वॅट उष्णता ओढायला तासाला साधारण दोन किलो पुरतो. तेवढ्याच कामाला नायट्रोजन पावणेसात लिटर उडतो, शिवाय पॉट थंड करण्यात जाणारा वेगळा. शेंगदाण्याएवढे तुकडे करा, पॉटमध्ये आधी दोन बोटं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि तुकडे थोडे थोडे सोडा. एकदम ओतलेत तर उसळून बोर्डावर येतं.

फुलपॉट:
साफ असहमत. हिशोब बरोबर आहे, पण उष्णता तळापासून बर्फापर्यंत पोचायला तर हवी! उणे सत्तरच्या खाली अल्कोहोल पाकासारखं घट्ट होतं, तुकडे तळापासून उचलले जातात, आणि बेंचमार्क (वेगाची चाचणी) सुरू झाला की नेमका तेव्हाच तळ तापतो. त्यात पॉटमध्ये ज्वालाग्राही द्रव असल्याने पॉट गरम करायची गॅसची टॉर्च जवळ नेता येत नाही.
नायट्रोजन उकळतो उणे १९६ ला, पण पॉट तिथवर न्यायची सक्ती नाही. थोडं थोडं ओतून उणे ९० ला धरता येतो, चिपला मानवलं तर उणे १८० लाही. एएमडीच्या एफएक्स-८३७० प्रोसेसरने २०१४ मध्ये ८.७२२ गिगाहर्ट्झ गाठले ते नायट्रोजनवरच. हात बसवायचाच तर त्याच्यावर बसवा.

हिमकण:
'थोडं थोडं ओतून धरता येतो' हेच तर नवख्याला जमत नाही. पॉट गरम असताना नायट्रोजन वाफेच्या थरावर नाचतो, तापमान सावकाश उतरतं. तळ पुरेसा गार झाला की थर मोडतो, द्रव तांब्याला भिडतो आणि काटा धाडकन खाली येतो. आधीच्याच वेगाने ओतत राहिलात तर कोल्ड बग लागून स्क्रीन काळी.

फुलपॉट:
म्हणून तर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) तळाजवळच्या भोकात बसवायचा आणि लक्ष्याच्या वीस-तीस अंश आधीच हात आखडायचा. अडकलं तर टॉर्चने पॉटचं तापमान वर आणा. चालू चिप उणे १२० ला तगते म्हणून त्याच तापमानाला रीस्टार्ट होईल असं नाही. कोल्ड बूट बग वेगळा, त्याची मर्यादा आधी शोधून लिहून ठेवा. आणि मध्येच चिप आणि पॉटच्या तापमानातला फरक वाढला तर ओतणं थांबवा: दोघांमधल्या पेस्टला तडा गेलेला असतो, कितीही नायट्रोजन घातला तरी चिप गार होणार नाही.

कॅपिलरी:
दोघेही काही तासांचंच बोलताय. रोज चालवायचं असेल तर फेज चेंज, म्हणजे फ्रिजसारखी यंत्रणा. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॅपिलरी (बारीक नळी) आणि प्रोसेसरवर बसणारा इव्हॅपोरेटर. एकाच कॉम्प्रेसरचं सिंगल स्टेज युनिट उणे ४० च्या आसपास. मात्र आजच्या ३०० वॅटच्या चिपला जुनं दीडशे वॅटचं युनिट पुरत नाही, हे मान्य. कॅपिलरीची लांबी आणि गॅसचा चार्ज (भरायचं प्रमाण) त्या लोडसाठी नव्याने जुळवावा लागतो. चार्ज जास्त झाला तर हलक्या लोडला द्रव परत कॉम्प्रेसरमध्ये शिरतो आणि व्हॉल्व्ह मोडतात.

दवबिंदू:
इन्सुलेशनचा विषयच कुणी काढला नाही, आणि बोर्ड मरतात ते त्यामुळेच. मुंबईच्या पावसाळ्यात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला दवबिंदू २६ च्या वर असतो. उणे ४० सोडाच, पाणी गार करणाऱ्या चिलरच्या १५ अंशांनाही पाणी धरतं. सॉकेटभोवती, रॅमच्या खाचांत आणि बोर्डाच्या मागच्या बाजूला व्हॅसलीन, त्यावर निओप्रीन, पॉटभोवती आर्माफ्लेक्स (दोन्ही रबरी फोम) आणि कागदी टॉवेल. मागची बाजू लोक हमखास विसरतात. फोममध्ये हवेची पोकळी राहिली की आतच दव जमतं. संपल्यावर पॉट खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच काढा, आणि बोर्ड पूर्ण सुकल्याशिवाय वीज देऊ नका.

हिमकण:
हे दोन्ही बाजूंना लागू. पण एक लिटर नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो, आणि ऑक्सिजन कमी झाल्याचं श्वासाला कळत नाही. कार्बन डायऑक्साइड निदान गुदमरवून इशारा देतो. बंद एसी खोलीत शिकणाऱ्याला मी तरी नायट्रोजन सुचवणार नाही.

फुलपॉट:
बंद खोलीत ड्राय आइसही नको. खिडक्या उघड्या, पंखा बाहेर हवा फेकणारा, ऑक्सिजन मीटर टेबलावर. आणि द्रव ठेवायला जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी मिळतो तसला देवार (निर्वात भिंतींचं भांडं) घ्या, झाकण सैल बसणारं. घट्ट झाकणाच्या थर्मासमध्ये भरला तर तो फुटणारच.